सार्वमत, संपत्ती आणि अल्पसंख्य

लोकशाहीवर विश्वास असणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. आपण प्रतिनिधी निवडून दिले आणि ते आपल्याला विसरले. मग आर्थिक धोरणाचे मोठे निर्णय थेट जनतेलाच का विचारू नयेत? कर किती घ्यावा, जमीन कोणी धारण करावी, सरकारने घरे कोणासाठी बांधावीत, हे लोकांनीच मतपेटीतून ठरवावे. मागणी सरळ आहे आणि न्याय्यही वाटते. आपल्याकडे गोव्यात १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. पण तो विलीनीकरणाच्या प्रश्नावर होता, कर किंवा घरे यांवर नव्हता. आर्थिक धोरणावर सार्वमत घेण्याची तरतूद भारतीय संविधानात नाही. म्हणून या मागणीचे बरेवाईट तपासायचे तर जेथे हा प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे तेथील इतिहासाकडे वळावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे असे राज्य आहे.

तेथील राजकीय पक्षांपैकी कोणाची वकिली करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या निर्णयांची चर्चा येथे करावयाची आहे त्यांतील काहींना दोन्ही पक्षांच्या मतदारांनी मते दिली आहेत. प्रश्न पक्षाचा नसून बहुमताच्या स्वरूपाचा आहे. राजकीय बहुमत घडते आणि बदलते, जातीय बहुमत मात्र जन्माने ठरते, हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली जातीय पेचप्रसंगावरील आपल्या भाषणात मांडला होता. हा भेद हाती धरला म्हणजे कॅलिफोर्नियाचा इतिहास वेगळ्याच रीतीने वाचता येतो.

प्रारंभ चांगल्या हेतूने झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्याच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची घट्ट पकड होती. कायदेमंडळ कंपनीच्या मुठीत, तेव्हा जनतेला कायदेमंडळाला वळसा घालण्याचा मार्ग हवा, या विचाराने गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकीर्दीत १० ऑक्टोबर १९११ रोजी राज्यघटनेत दुरुस्ती झाली. ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा केल्या की कायद्याचा किंवा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येऊ लागला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी स्त्रियांना मताधिकार दिला. तोही अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपासच्या मताधिक्याने. मत देणारे सारे पुरुष होते. म्हणजे ज्यांच्याजवळ अधिकार आहे तेही कधी कधी स्वतःच्या मताने दुसऱ्याला अधिकार देतात. हे साधन मुळातच दुष्ट आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

पण पुढे काय घडले? १९१३ साली तेथील कायदेमंडळाने ‘नागरिकत्वास अपात्र’ असलेल्या परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. हा कायदा मुख्यतः जपानी शेतकऱ्यांविरुद्ध होता. त्यातील पळवाटा बुजवण्यासाठी १९२० साली प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि सुमारे पाऊणशे टक्के मतांनी मंजूर झाला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्यांची जमीन जाणार होती ते नागरिक होऊ शकत नव्हते, आणि नागरिक नव्हते म्हणून त्यांना मत नव्हते. निर्णय जनतेचा, पण ज्याच्यावर निर्णय कोसळणार तो जनतेच्या व्याख्येबाहेर! गावाची सभा भरते आणि तिचे निर्णय गावकुसाबाहेर राहणाऱ्यांवर लादले जातात, हे आपल्याला नवे नाही.

या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या देशातून जातो. अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी केलेल्या अर्जाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळत असे. आपण उच्चवर्णीय आहोत, आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा युक्तिवाद थिंद यांच्या बाजूने करण्यात आला. अमेरिकेतला गोरा काळ्या माणसाकडे विवाहसंबंधाच्या दृष्टीने जसा पाहतो तसाच आमच्याकडचा उच्चवर्णीय मूळनिवाशांकडे पाहतो, हेही त्यात पुरावा म्हणून सांगितले गेले. १९२३ साली न्यायालयाने निकाल दिला, की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. थिंद गोरे नव्हेत. परिणामी कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरीही जमिनीच्या त्या कायद्याच्या कक्षेत आले. समतेची मागणी करण्याऐवजी विषमतेतली वरची पायरी मागितली, आणि तीही हाती लागली नाही. परदेशात गेलेल्या भारतीय समाजाने हा धडा अजून पुरता वाचलेला नाही, असेच म्हणावे लागते. पुढे १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अवैध ठरवला आणि १९५६ साली मतदारांनी तो रद्द केला. तोवर एक पिढी सरली होती.

दुसरा टप्पा घरांचा. १९५० साली मतदारांनी राज्यघटनेत चौतिसावे कलम घातले. सरकारी यंत्रणेला अल्प भाड्याची घरे बांधावयाची असतील तर त्या शहरातील किंवा परगण्यातील मतदारांची बहुमताने संमती घ्यावी लागेल, असे हे कलम. वरवर पाहता यात वावगे काय? लोकांना विचारूनच तर बांधा! पण श्रीमंतांच्या बंगल्यांना असे सार्वमत लागत नाही. रस्ता, रुग्णालय, क्रीडांगण यांनाही या कलमाचे बंधन नाही. गरिबाच्या घरालाच तेवढी शेजाऱ्याची परवानगी हवी. १९७१ साली हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. कलमात वंशाचा उल्लेख नाही, म्हणून ते वैध, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी विरोधी निकाल लिहिला आणि हे कलम गरिबांना वेगळे काढून त्यांच्यावरच बोजा टाकते, याकडे लक्ष वेधले. हे कलम काढून टाकण्याचे प्रयत्न १९७४, १९८० आणि १९९३ साली मतपेटीतच हरले.

तिसरा टप्पा याहून उघड आहे. विल्यम बायरन रमफर्ड हे बर्कलीचे औषधविक्रेते आणि कायदेमंडळातील काळे सदस्य. त्यांच्या प्रयत्नाने १९६३ साली कायदा झाला, की घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, रंग, धर्म पाहून नकार देता येणार नाही. आडनाव विचारून ज्यांना खोली नाकारली गेली आहे त्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगायला नको. घरविक्रीच्या दलालांच्या संघटनेने त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. १९६४ साली प्रस्ताव १४ मतपत्रिकेवर आला. आपले घर कोणाला द्यावे वा देऊ नये हा मालकाचा पूर्ण अधिकार आहे आणि राज्याने त्यात हात घालू नये, असा त्याचा आशय. सुमारे ६५ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. त्याच दिवशी त्याच राज्याने लिंडन जॉन्सन यांना अध्यक्षपदासाठी सुमारे ५९ टक्के मते दिली; म्हणजे ज्यांनी काही महिन्यांपूर्वी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली होती त्यांनाच! अनेक मतदारांनी एका हाताने समतेच्या पुरस्कर्त्याला निवडले आणि दुसऱ्या हाताने आपल्या आळीचे दार लावून घेतले. तत्त्व म्हणून समता मान्य, शेजारी म्हणून अमान्य. हे दुटप्पीपण आपल्या सुधारक म्हणवणाऱ्या वर्गातही आपण पाहिले आहे.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली पाच विरुद्ध चार मतांनी हा प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला. दरम्यान ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात उद्रेक झाला आणि ३४ माणसे मेली. पोलिसांचा जाच, बेकारी, भाड्याच्या कोंदट वस्त्या ही त्याची कारणे. पण बहुमताने तोंडावर आपटलेले दारही त्या संतापात होते. १९६६ साली त्याच राज्यातील ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष जन्मला आणि त्याच्या दहा कलमी कार्यक्रमात माणसाला राहण्यालायक घराची मागणी होती. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने हे नाव तेथून घेतले, हे सर्वश्रुत आहे. नावाबरोबर त्यामागचा हा घरांचा इतिहासही आपल्या अभ्यासात यायला हवा.

आता चौथा आणि आर्थिक दृष्टीने सर्वांत मोठा टप्पा. ६ जून १९७८ रोजी मंजूर झालेला प्रस्ताव १३ हा घरपट्टीविषयीचा होता. त्याच्या समर्थकांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महागाईने घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि त्याबरोबर घरपट्टीही वाढत होती. निवृत्त माणसाचे उत्पन्न तेवढेच आणि कर मात्र दुप्पट, अशी स्थिती होती. राज्याच्या तिजोरीत शिल्लक पडून असताना कायदेमंडळ वेळेवर हलले नाही. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी या असंतोषाला वाट दिली. घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर बांधली गेली. मूल्य १९७५ च्या पातळीवर मागे नेले गेले. ते वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, मालमत्ता विकली गेली तरच नव्याने ठरेल, असा नियम झाला. म्हाताऱ्या माणसाचे घर वाचले, हे खरे. पण हीच सवलत कारखाने, दुकाने, कंपन्यांच्या इमारती यांनाही मिळाली. माणूस मरतो, घर विकतो. कंपनीला मरण नसते. पहिल्याच वर्षी घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. स्थानिक शाळा, ग्रंथालये यांचा आधार गेला आणि शाळांच्या पैशाची सूत्रे राज्याकडे गेली. शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांत जुना मालक थोडा कर भरतो आणि नवा अनेक पटींनी जास्त; १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही वैध ठरवले. मोठ्या व्यापारी मालमत्तेची सवलत काढण्याचा प्रस्ताव २०२० साली सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला.

या प्रस्तावातील खरी मेख आणखी एका कलमात आहे. राज्याला कर वाढवायचा असेल तर कायदेमंडळात दोन तृतीयांश मते हवीत, अशी अट त्याने घातली. स्वतः या प्रस्तावाला ६५ टक्क्यांच्या आत मते पडली होती, म्हणजे दोन तृतीयांश नव्हेत! जी कसोटी स्वतः पार केली नाही ती पुढच्या पिढ्यांवर लादली गेली.

तरीही हे साधन एकाच दिशेने वापरता येते असे नाही. २०१२ साली मतदारांनी प्रस्ताव ३० सुमारे ५५ टक्क्यांनी मंजूर करून शाळांसाठी मोठ्या उत्पन्नावरील कर वाढवला आणि २०१६ साली तो पुढे चालू ठेवला. याउलट १९९६ साली सुमारे ५५ टक्के मतांनीच प्रस्ताव २०९ मंजूर झाला आणि सरकारी नोकऱ्या, ठेके व शिक्षण यांतील वंशाधारित प्राधान्य बंद झाले. पुरस्कर्त्यांनी त्याला नाव दिले होते नागरी हक्कांचा प्रस्ताव. ‘विशेष संधी हवी का’ असे न विचारता ‘भेदभाव व पक्षपात बंद करावा का’ असे विचारले, की उत्तर अर्धे ठरून जाते. २०२० साली ही बंदी उठवण्याचा प्रयत्न सुमारे ५७ टक्के मतांनी फेटाळला गेला.

मग निष्कर्ष काय काढायचा? आर्थिक निर्णय रोजच्या बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवणे हे स्वतःच लोकशाहीविरोधी आहे काय? तसे म्हणता येणार नाही. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली आणि ती संविधानातच नमूद करावी, कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडू नये, असा आग्रह धरला. कुलूप तेही होते. पण ते श्रमिकाला उपासमारीच्या भयातून मुक्त करण्यासाठी होते, तर कॅलिफोर्नियातील कुलूप ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्या दारावर बसले. म्हणून कुलूप आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे विचारावे लागते.

सार्वमताविषयीही बाबासाहेबांची भूमिका अशीच काटेकोर होती. १९३१ साली गोलमेज परिषदेत त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात स्वतंत्र मतदारसंघ सोडण्यासाठी सार्वमताची अट होती. मात्र ते सार्वमत अस्पृश्य मतदारांचेच असेल. वीस वर्षांच्या आत घेतले जाणार नाही. आणि सर्व प्रौढांना मताधिकार मिळाल्याशिवाय होणार नाही, असे त्यांनी बजावले होते. ज्याचे संरक्षण काढायचे त्यालाच विचारा, आणि त्याच्यातल्या शेवटच्या माणसाला मत मिळाल्यावर विचारा. १९३२ च्या पुणे करारात हे तत्त्व टिकले नाही; राखीव जागा केव्हा संपवायच्या हे परस्परसंमतीवर सोडले गेले. पण १९२० चा जमिनीचा कायदा आणि १९६४ चा घरांचा प्रस्ताव या दोहोंना हीच कसोटी लावून पाहावी. एकही टिकत नाही.

आरक्षणाचा, करांचा, झोपडपट्टीचा प्रश्न ‘एकदा लोकांनाच विचारून टाकू’ ही भाषा उद्या आपल्याकडे आली तर तिला भिण्याचे कारण नाही, आणि भुलण्याचेही नाही. आपण चार गोष्टी विचाराव्यात. प्रश्नाची शब्दरचना कोणी केली? सह्या गोळा करायला पैसा कोणाचा लागला? ज्याच्या भाकरीचा व घराचा हा प्रश्न आहे तो मतदारांच्या यादीत आहे काय? आणि आज साध्या बहुमताने केलेली चूक उद्या तेवढ्याच बहुमताने दुरुस्त करता येईल काय? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत बहुमत हा केवळ एक आकडा आहे. त्याला न्याय म्हणण्याची घाई आपण करू नये.