खिडकीची बाजू : खानदेश पाहण्याचा एक छोटासा इतिहास

विमानाचे तिकीट काढताना जागा निवडण्याचा प्रश्न येतो तेव्हा बहुतेक प्रवासी 'खिडकी' एवढेच सांगून मोकळे होतात. कोणती खिडकी, हा प्रश्न क्वचितच कोणाला पडतो. वस्तुतः खरा प्रश्न तोच आहे. डावीकडे बसणाऱ्याने पाहिलेला प्रदेश आणि उजवीकडे बसणाऱ्याने पाहिलेला प्रदेश हे एकाच प्रवासातले दोन वेगळे ग्रंथ असतात, आणि त्यांतला एकच आपल्या वाट्याला येतो. खानदेशाच्या बाबतीत ही निवड बराच काळ चुकत आली आहे, असे मला वाटते. निदान साहित्यातून या प्रदेशाचे जे चित्र उभे राहिले, त्यात या चुकीचा वाटा आहे.

आपल्या वाङ्मयातील खिडकीजवळची पहिली जागा सीतेची, असे म्हणायला हरकत नसावी. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम आणि सीता पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येला निघतात. राम खालचा एकेक प्रदेश दाखवीत जातो. सीता कुतूहलाने गवाक्षातून हात बाहेर काढते, तो ढगाला लागतो आणि चमकणारी वीज जणू तिच्या हातात दुसरे कंकण घालते. विमान ही वस्तू अस्तित्वात येण्याच्या कित्येक शतके आधी कालिदासाने विमानातल्या खिडकीचे सुख इतके नेमके ओळखले होते. पुढे गोदावरी येते, पंचवटी येते, ऋषींचे आश्रम येतात आणि मग चित्रकूट. पंचवटी म्हणजे आजचे नाशिक ही परंपरा मान्य केली आणि नाशिकहून चित्रकूटापर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जळगाव जिल्ह्यावरून, तापी ओलांडून, सातपुड्यावर चढते. म्हणजे पुष्पक खानदेशावरून गेले! पण त्या सर्गात तापीचे नाव नाही. 'मेघदूता'तला मेघ तर रामगिरीहून रेवेकडे आणि तेथून विदिशा-उज्जयिनीकडे जातो. तो खानदेशाला पूर्वेकडूनच टाळतो. कविकुलगुरूच्या दोन्ही आकाशमार्गांवर आमचा मुलूख अदृश्य राहिला. (हा खेळ भूगोलाच्या पट्टीचा आहे, काव्याच्या कसोटीचा नव्हे, हे मान्यच आहे. पण वर्गात तो करून पाहावा. विद्यार्थी त्या दिवशी सर्ग वाचतात.)

रेल्वेपूर्वीच्या प्रवाशाला बाजूचा प्रश्न नव्हता. १८५७ साली विष्णुभट गोडसे सातपुडा ओलांडून महूकडे गेले, ते मुक्कामांच्या हिशेबाने. पायी चालणाऱ्याला मान वळवली की दोन्ही बाजू मिळतात. चौकट आली ती आगगाडीबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या दशकात रूळ चाळीसगाव, भुसावळपर्यंत पोचले. थळ घाटाचे काम अवघड असल्याने घाटाखालची आणि घाटावरची लाइन आधी तयार झाली आणि कसारा-इगतपुरी हा मधला दुवा १ जानेवारी १८६५ला खुला झाला. सदतिसास एक असा चढ, बोगदे आणि एहेगावचा सुमारे १८० फूट उंचीचा पूल यांमुळे हा घाट त्या काळातही आश्चर्य मानला जाई. परिणाम असा झाला की मुंबईहून निघालेल्या प्रवाशाचे डोळे घाटातच तृप्त होत. इगतपुरी गेली की 'आता पाहण्यासारखे काही नाही' अशी समजूत करून तो पथारी पसरी.

शिवाय रात्र. मुंबईहून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या खानदेश अंधारातच ओलांडतात. दिवसाची गाडी असली तर उन्हाळ्यात खिडकीची लोखंडी झडप खाली ओढलेली. मनमाडचा चहा, जळगावची केळी आणि भुसावळचा उकाडा एवढ्यावर ज्यांनी खानदेशाचे वर्णन आटोपले, त्यांनी तो पाहिला होता की नुसता ओलांडला होता, हे विचारले पाहिजे.

दिवसा जाणाऱ्याने मुंबईहून निघताना उजवी खिडकी धरावी. इगतपुरीजवळ कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंगची रांग त्याच बाजूला असते; मनमाडच्या परिसरातला हडबीच्या शेंडीचा सुळकाही. नांदगाव ओलांडले की अजिंठ्याची डोंगररांग उजवीकडे साथ धरते आणि चाळीसगावला ती सर्वांत जवळ येते. तिच्या पायथ्याशी पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. गाडीतून लेख दिसत नाही, डोंगर दिसतो. पण 'लीलावती'चे नाव घेणाऱ्या माणसाने त्या डोंगराकडे पाठ करून बसू नये. भुसावळ सोडल्यावर मात्र जागा बदलावी. तापीचा पूल ओलांडला की डावीकडे सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशी सावदा-रावेरच्या केळीच्या बागा. आणखी पुढे, त्याच हाताला, अशीरगडाचा डोंगर. तात्पर्य, एकाच प्रवासात एक खिडकी पुरत नाही. खानदेश हा दोन पर्वतरांगांमधला मुलूख आहे आणि गाडी एकेका रांगेच्या कडेकडेने जाते.

जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये भादली नावाचे लहानसे स्टेशन लागते. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. ५ मे १९१८ रोजी या ठिकाणी रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. धरणगावला जन्मलेला, निसर्गाशिवाय दुसरे काही न पाहिलेला हा कवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. त्यांच्या निसर्गकवितेवर भरपूर लिहिले गेले आहे. पण ती चालणाऱ्या माणसाची कविता आहे, खिडकीत बसलेल्याची नव्हे, ही गोष्ट मला भादलीवरून जाताना दर वेळी जाणवते. त्या एका मिनिटात डावी-उजवी या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

विमान खानदेशात उशिरा आले. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले, पण नियमित प्रवासी सेवेचा प्रयत्न 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७मध्ये सुरू झाला. त्या मुंबई-जळगाव सेवेसाठी आणलेले विमान बीचक्राफ्ट १९००डी जातीचे होते. त्यात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन असते. म्हणजे प्रत्येक प्रवासी खिडकीपाशी! जागेची अशी लोकशाही पुन्हा दिसली नाही. ती सेवाही फार टिकली नाही. २०१९मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये जळगावहून सेवा सुरू झाल्या त्या एटीआर ७२ या विमानांच्या. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. मधल्या रांगांतून इंजिन आणि पंखा आड येतो, म्हणून मागे बसावे. ही विमाने मोठ्या जेटपेक्षा खालून उडतात. शेताचे बांध ओळखू येतात. मुंबईहून जळगावला येताना सकाळचे ऊन उजवीकडून येते. म्हणून डावी बाजू घ्यावी : नाशिकचे डोंगर, गिरणा धरणाचे पाणी आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर सातपुड्याची निळी रेघ. दिवस पावसाळ्यानंतरचे असावेत. एप्रिल-मेमध्ये धुळीच्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही.

पण वरून पाहावे असे खानदेशातले सर्वांत मोठे दृश्य जळगावच्या नव्हे, मुंबई-इंदूरच्या आकाशमार्गावर आहे. ही सरळ रेघ साक्रीच्या आसपासवरून जाते. नंदुरबार-धुळे भागात बेसाल्टच्या थरांना पडलेल्या भेगांत लाव्हा घुसला आणि तेथेच थिजला. भोवतालचा खडक झिजून गेल्यावर त्या थिजलेल्या लाव्हाच्या भिंती उभ्या राहिल्या. भूशास्त्रज्ञांनी अशा दोनशेहून अधिक भिंतींचे नकाशे केले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची दिशा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य, म्हणजे जवळपास तापीला समांतर. एस.टी.तून जाताना या भिंती म्हणजे सुट्या, बोडक्या टेकड्या वाटतात. 'रुक्ष' हे विशेषण तिथेच चिकटले असावे. वरून पाहिले की कळते, या टेकड्या नव्हेत, या ओळी आहेत. एखाद्या पानावर कोणी रेघा आखून ठेवाव्यात आणि मजकूर लिहायचा राहून जावा, तसे ते दिसते.

काही वर्षांपूर्वी इंदूरला एका चर्चासत्राला जाताना मी वडिलांना बरोबर नेले. तिथे आमचे नातलग आहेत. वडिलांचा तो पहिलाच विमानप्रवास. मी ऊन, पंखाची आड, भिंतींचे स्थान असा सगळा विचार करून मागच्या रांगेतील डावीकडची खिडकी आधीच घेतली होती आणि तिच्यापाशी त्यांना बसवले. भिंती दिसल्या, अगदी हव्या तशा. मी उत्साहाने दाखवू लागलो. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आपली पांझरा कोठे?"

पांझरा उजवीकडे होती. साक्रीकडून धुळ्याकडे वाहणारी ती नदी, तिच्यावरचे बंधारे आणि त्या बंधाऱ्यांखालचे फड हे सगळे दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून दिसत असणार. फड म्हणजे काय, हे या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडायचे, एका भागात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने पाळीपाळीने द्यायचे, अशी ही कित्येक पिढ्यांची रीत. मालकी वेगवेगळी, पीक एक. त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला ती नुसती शेते दिसतात. वरून पाहणाऱ्याला उसाचा एक अखंड तुकडा, गव्हाचा दुसरा अशी सगळी व्यवस्थाच दिसावी. विहिरी आणि मोटारी आल्यावर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी विस्कटली. वडिलांनी त्या फडांतच आयुष्य काढले होते. ते वरून कसे दिसतात हे पाहण्याची एकच संधी त्यांना आली आणि त्यांच्या मुलाने निसर्गदृश्याच्या हिशेबाने बाजू निवडली. उजवीकडच्या प्रवाशांना जरा सरकायला सांगावे, असे मनात आले. पण पट्टे बांधण्याचा दिवा लागलेला होता, आणि तेवढ्या वेळात नर्मदा आली.

परत येताना त्यांनी विमान नको म्हटले. आम्ही आग्रा रोडने रात्रीच्या बसने निघालो. सेंधवा ओलांडल्यावर घाटात ते झोपले. झोपण्यापूर्वी त्यांनी खिडकीची काच थोडी सरकवून ठेवली होती आणि शिरपूरच्या पुढे तापीचा पूल आला की उठव, असे बजावले होते. बाजूबद्दल काही बोलले नाहीत.