शिलालेख वाचताना रूप, रचना आणि भाषा कशी तपासायची? पांडवलेण्यांतलं एक उदाहरण

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: दिलेल्या उताऱ्याचं रूप, रचना आणि भाषा यांच्या आधारे विश्लेषण करा. आपण उपमा शोधतो, अनुप्रास मोजतो, चार मार्क मिळवतो आणि विसरून जातो. पुढे पीएच.डी.साठी आराखडा लिहायला बसलो की मात्र जुन्या मजकुरातून थेट ‘माहिती’ उचलायला लागतो. मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे हे तीन शब्द फक्त साहित्यवाल्यांचे आहेत असा समज माझ्याही आसपास भरपूर दिसतो. प्रत्यक्षात कोणताही मजकूर पुरावा म्हणून वापरण्याआधीची ती पहिली तपासणी आहे. नाशिकमध्ये याचं उत्तम उदाहरण घराजवळ आहे.

मुंबई-आग्रा महामार्गालगत, फाळके स्मारकाच्या वरच्या डोंगरावर पांडवलेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी (प्राकृतात तिरण्हु) असं येतं. इथल्या 3 नंबरच्या लेण्यात सातवाहनांचे आणि 10 नंबरच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, म्हणजे उषवदाताचे लेख आहेत. भगवानलाल इंद्रजी, एमिल सेनार, वा. वि. मिराशी अशा अभ्यासकांनी ते वाचले आणि प्रसिद्ध केले. आपण फक्त ते कसे वाचायचे एवढंच बघू.

रूप: हा कोणत्या प्रकारचा मजकूर आहे?

3 नंबरच्या लेण्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला सरकारी हुकूम. गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष 18 मध्ये विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आदेश जातो: आजवर उसभदाताकडे असलेलं 200 निवर्तनं शेत भिक्षूंना द्या. वर्ष 24 मध्ये अमात्य श्यामकाला दुसरा आदेश जातो: दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची 100 निवर्तनं द्या. सोबत अटी येतात: शेतात कुणी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, वगैरे.

दुसरा प्रकार प्रशस्ती. पुळुमावीच्या राज्यवर्ष 19 मध्ये गौतमी बलश्रीने कोरवलेला लेख. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने शक-यवन-पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, अशी जी बिरुदं आपण शाळेपासून ऐकतो, ती इथली.

आता सांगा, गौतमीपुत्राने नाशिकचा प्रदेश क्षहरातांकडून घेतला याला भक्कम पुरावा कोणता? पटकन प्रशस्तीकडे बोट जातं. पण स्तुती हेच प्रशस्तीचं काम आहे. हुकूम मात्र कुणाची स्तुती करायला लिहिलेला नाही. त्यात पूर्वी उसभदाताकडे असलेलं शेत हा राजा वाटतोय, आणि हे वाक्य केवळ शेताची ओळख पटवायला आलंय. हा उसभदात म्हणजे 10 नंबरच्या लेण्यातला उषवदात, असं अभ्यासक मानतात. लिहिणाऱ्याला जे सिद्ध करायचं नव्हतं, तेच इथे आपल्याला जास्त उपयोगी पडतं. याला दगडाबाहेरचा दुजोराही आहे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या सुमारे 13,250 चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे.

रचना: वाक्य कुणाचं आहे?

बलश्रीच्या लेखाचा मुख्य भाग म्हणजे एक लांबच लांब वाक्य. आधी तारीख. मग राजाची विशेषणं, सगळी षष्ठीत. मराठीत सांगायचं तर ‘अमुक करणाऱ्याच्या, तमुक जिंकणाऱ्याच्या, श्री सातकर्णीच्या’ अशी ‘च्या’ची माळ. ही माळ कुठे जाऊन अडकते? ‘आईने’ या शब्दाला. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणाऱ्या, महाराजाची आई आणि महाराजाची आजी असलेल्या बलश्रीने हे लेणं भद्रावनीय भिक्षुसंघाला दिलं, असा त्या वाक्याचा शेवट आहे.

म्हणजे व्याकरणाने बघितलं तर कर्ता गौतमीपुत्र नाहीच. तो कर्त्याची ओळख करून देणारा तपशील आहे. आपल्या पुस्तकांनी मधला भाग कापून राजाचं चरित्र केलं आणि दान देणारी बाई तळटीपेत गेली. लेखाची रचना न तोडता वाचली तर संशोधनाचा प्रश्नच बदलतो: ‘राजाने काय जिंकलं?’ याऐवजी ‘मुलानंतर, नातवाच्या राज्यात, राजमातेला हे सगळं दगडात कोरून ठेवावंसं का वाटलं?’

आता त्यातली प्रदेशांची यादी बघा. सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावन्ती ही नावं तिथे आहेत. हीच नावं इ.स. 150 च्या सुमाराच्या जुनागढ लेखात रुद्रदामन आपल्या ताब्यातले प्रदेश म्हणून सांगतो आणि दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवल्याचंही नोंदवतो. दोन्ही लेख प्रशस्तीच. त्यामुळे एकीवरून नकाशा रंगवणं धोक्याचं. नाशिकची यादी राजाच्या पराक्रमाची आठवण आहे. ती कोरली त्या वर्षीची सीमारेषा म्हणून वापरता येत नाही.

भाषा: कुणाशी, कोणत्या भाषेत?

सातवाहनांचे इथले लेख प्राकृतात आहेत. उषवदाताचा मोठा लेख मात्र संस्कृतात सुरू होतो. ‘राज्ञः’ आणि शेवटी ‘स्य’ असलेली रूपं त्यात दिसतात. गायी, गावं, धर्मशाळा, नद्यांवरच्या फुकट नावा असं दान तो तृतीय पुरुषात सांगतो. आणि मध्येच भाषा प्राकृताकडे वळते आणि ‘मी’ येतो: मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला मी गेलो, मग पुष्करला स्नान करून दान दिलं. पुरुष बदलला, भाषा बदलली. अशी जागा दिसली की थांबायचं, कारण तिथे मजकुराचा सांधा असतो.

त्याच लेण्यातला ठेवीचा लेख बघा. तिथे ‘रञो’ आणि नुसता ‘स’, म्हणजे प्राकृत. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापण ठेवले: 2,000 महिना शेकडा 1 दराने, 1,000 महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यांसाठी. आता गणित करा. 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 गुणिले 12 म्हणजे 240. हिशोब चोख जुळतो. तीन लाख गायींच्या दानाचा आकडा असा पडताळता येत नाही. त्याच माणसाचं नाव, तेच लेणं, पण एक आकडा गौरवाचा आणि दुसरा व्यवहाराचा.

तुमच्या कामात हे कसं वापराल?

विषय कोणताही असो, समोरच्या कागदाला आधी तीन प्रश्न विचारा. हा हुकूम आहे, करार आहे, अहवाल आहे की स्तुती? यातलं मुख्य वाक्य कुणाचं आहे, आणि मी मधलाच तुकडा तर उचलत नाही ना? भाषा किंवा बोलणारा कुठे बदलतो? शोधनिबंधालाही हेच लागू आहे. त्याचा सारांश लेखकाला काय म्हणायचंय ते सांगतो, पद्धतीचा भाग त्याने काय केलं ते सांगतो. साहित्य आढावा लिहिताना प्रत्येक संदर्भापुढे एका ओळीत मजकुराचा प्रकार नोंदवायची सवय लावा. वेळ लागतो, पण तोंडी परीक्षेत ‘हे कशावरून?’ असं विचारलं की तीच ओळ कामी येते.

आणि नाशिकमध्ये असाल तर एका सकाळी पायऱ्या चढून या. ब्राह्मी येत नसली तरी 3 नंबरच्या लेण्यात बलश्रीचा लेख किती जागा व्यापतो आणि त्याच्या शेजारी हुकमांचे लेख कसे आहेत, एवढं जरूर बघा.