फाईल ‘चेक-आऊट’ केली, पण ‘चेक-इन’ राहिलं? मग तुमचं काम कुणालाच दिसणार नाही!

समजा, एका दूध संस्थेची सभासद यादी आहे. सकाळी सचिवांनी ती उघडून काही सभासदांचे बँक खाते क्रमांक दुरुस्त केले. इकडे ऑपरेटरने कालच तीच यादी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. त्याने त्यात नवीन सभासद टाकले आणि संध्याकाळी आपली फाईल जुनीच्या जागी चढवली. झालं! सचिवांच्या दुरुस्त्या यादीतून गायब. दुधाचं बिल चुकीच्या खात्यावर गेल्यावर बोंबाबोंब होते आणि मग चूक कुणाची यावर वाद रंगतो.

असा घोळ टाळण्यासाठी सामायिक फाईली ठेवणाऱ्या प्रणालींमध्ये ‘चेक-आऊट’ची सोय असते. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट हे त्यातलं एक नेहमीचं नाव. २००१ मध्ये आलेली ही प्रणाली आज अनेक कार्यालयांत आणि कंपन्यांत वापरली जाते.

चेक-आऊट म्हणजे नेमकं काय?

रेकॉर्ड रूममधून फाईल काढताना रजिस्टरला नोंद करतात, तसंच हे. फाईल तुमच्या नावावर चढते आणि तोवर दुसऱ्या कुणाला तिच्यात बदल करता येत नाही. फरक एवढाच, की इथे कपाट रिकामं होत नाही. बाकीच्यांना फाईल वाचता येते, पण शेवटची चेक-इन झालेली प्रतच दिसते. तुम्ही केलेले बदल सेव्ह झाले असले तरी चेक-इन करेपर्यंत इतरांना दिसत नाहीत.

कसं करायचं?

१. शेअरपॉइंटमध्ये फाईल निवडा. तीन टिंबांवर क्लिक करून ‘मोअर’मध्ये ‘चेक आऊट’ निवडा.
२. फाईल उघडा, काम करा, सेव्ह करा.
३. काम संपलं की त्याच ठिकाणी जाऊन ‘चेक इन’ करा. काय बदललं ते शेऱ्यात एका ओळीत लिहा. उदा. ‘खाते क्रमांक दुरुस्त केले’. पुढे वाद झाला तर हाच शेरा कामाला येतो.
४. चुकून भलतेच बदल झाले असतील तर ‘डिस्कार्ड चेक आऊट’ करा. मात्र चेक-आऊट केल्यापासूनचे सगळे बदल त्यात जातात, हे ध्यानात ठेवा.

गडबड कुठे होते?

बहुतेक वेळा चेक-इन करायचं विसरल्यामुळे. फाईल आपल्या नावावर ठेवून एखादा सुट्टीवर गेला की बाकीचे हात बांधून बसतात. आणि नेमकी तेव्हाच अर्जाची शेवटची तारीख असते! अशा वेळी पुरेसे अधिकार असलेला प्रमुख दुसऱ्याची फाईल चेक-इन करू शकतो किंवा त्याचं चेक-आऊट रद्द करू शकतो. पण रद्द केलं तर त्या माणसाचं काम जातं. म्हणून आधी एक फोन करावा, मगच बटण दाबावं.

दुसरी अडचण नवीन फाईलची. लायब्ररीत चेक-आऊट सक्तीचं केलं असेल, तर नव्याने चढवलेली फाईल पहिलं चेक-इन होईपर्यंत इतरांना दिसतच नाही. ‘मी तर टाकली’ आणि ‘आम्हाला तर दिसत नाही’ हे भांडण बऱ्याचदा यातूनच होतं. अशी लायब्ररी वनड्राइव्हने संगणकावर आणली तर तिथल्या फाईली फक्त वाचता येतात, हेही माहीत असू द्या.

प्रत्येक वेळी गरज आहे का?

नाही. पाच गावांची माहिती पाच जणांनी एकाच तक्त्यात एकाच वेळी भरायची असेल, तर चेक-आऊट करू नका, कारण मग एकत्र काम करता येत नाही. पण खाते क्रमांक, लाभार्थी यादी, ठरावाचा मसुदा अशा कामांत एका वेळी एकच हात असलेला बरा. जोडीला जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू ठेवा, म्हणजे चूक झाली तरी मागची प्रत परत आणता येते.

संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी आपल्या नावावर एखादी फाईल अडकून तर नाही ना, एवढं रोज बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावर दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी बिल, कुणाचा तरी अर्ज अवलंबून असतो.