ठाणें ते कल्याण : विजेची वाट आणि विजेची विद्या

विजेचा दिवा घरांत लागणें निराळें आणि विजेची विद्या गांवांत येणें निराळें. दिवा पैसा मोजून आणतां येतो. विद्येस पिढ्या खर्ची घालाव्या लागतात. या दोहोंमधील अंतर केवढें असतें, याचा पडताळा पाहण्यास ठाणें, डोंबिवली व कल्याण यांच्याइतका सोयीचा मुलूख क्वचितच सांपडेल.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली; १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. पुढें सत्तर वर्षें या रुळांवर वाफेचें राज्य होतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई ते कुर्ला या बंदराच्या बाजूच्या मार्गावर दीड हजार व्होल्टच्या विजेवर गाडी धांवूं लागली. थोड्याच वर्षांत त्या तारा ठाण्यावरून कल्याणास आणि तेथून घाट चढून पुण्यास गेल्या. या गाड्यांना वीज पुरविण्यासाठीं रेल्वेनें डोंबिवली व कल्याण यांच्या मधोमध, ठाकुर्लीजवळील चोळे गांवीं, कोळशावर चालणारें वीजघर उभारलें. भातखाचरांच्या त्या मुलखांत पॉवर हाऊस हा शब्द रूढ झाला, आणि लोकांच्या तोंडीं तो कायमचा राहिला.

वीज अशी दारीं आली. पण तिची विद्या कोठें होती? घाटांतील मालगाड्या ओढण्यासाठीं १९२८ च्या सुमारास जीं लांब नाकाडाचीं इंजिनें आलीं, आणि ज्यांस रेल्वेचे लोक गमतीनें ‘खेकडा’ म्हणत, तीं स्वित्झर्लंड व इंग्लंड येथील कारखान्यांत घडलेलीं होतीं. डोंबिवलीच्या तरुणास फिटर होतां येई, वायरमन होतां येई. खटका ओढला म्हणजे गाडी चालते, हें त्यास कळे. परंतु तारेंत दीड हजारच व्होल्ट कां, अधिक कां नकोत, हा विचार दूरदेशींच्या मेजावर होत असे. यंत्र चालविणें ही पहिली पायरी, तें दुरुस्त करणें ही दुसरी, आणि तें असेंच कां असावें हें ठरविणें ही तिसरी. पदवीनंतरचें उच्च अध्ययन असतें तें या तिसऱ्या पायरीसाठीं.

ही विद्या जगांतही फार जुनी नव्हे. चुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व मायकेल फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलें. पण विद्यापीठांत तिला स्वतंत्र स्थान मिळण्यास अर्धें शतक लोटलें. १८८२ सालीं जर्मनींत डार्मस्टाट येथें या विषयाचें अध्यासन निर्माण झालें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें आपल्या पदार्थविज्ञान विभागांत त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. योगायोग असा कीं, त्याच १८८२ मध्यें पुण्याचे केशव मल्हार भट हे त्या संस्थेंत दाखल झाले; तेथें शिकावयास गेलेले ते पहिले भारतीय होत. पुढल्याच वर्षीं कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या. १८८६ मध्यें त्यांनीं एम. डी. पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. विषय निराळा, पण धडा एकच : त्या काळीं विद्येचें शेवटचें टोक गांठावयाचें तर समुद्र ओलांडावा लागे, आणि त्याची किंमत कधीं कधीं प्राणांनीं मोजावी लागे.

हें अंतर पुढें पायरीपायरीनें तुटत आलें. १८८७ मध्यें मुंबईंत भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि १९२३ मध्यें ती माटुंग्यास गेली. तिची ‘एल. ई. ई.’ ही विद्युत्‌विषयक पदविका मध्यमवर्गीय घरांत मानाची समजली जाई. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें १९११ सालीं अध्यापन सुरू झालें, तेव्हां पहिल्या मोजक्या विभागांत विद्युत्‌तंत्राचा विभाग होता. पुण्याच्या एंजिनियरिंग कॉलेजांत १९३२ मध्यें या विषयाची पदवी आली. १९५८ मध्यें मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन होऊन पवईस वसली. बोस्टन, बंगलोर, माटुंगें, पवई, अशी ही उतरती भांजणी आहे. कल्याणचा विद्यार्थी आतां सकाळची गाडी धरून उच्च पदवीच्या वर्गास जाऊन रात्रीं घरीं जेवावयास येऊं शकतो.

या अध्ययनाचें फळ काय, हें त्याच्या डोक्यावरील तारच सांगेल. दाब वाढविला म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह कमी लागतो. दीड हजार व्होल्टच्या जागीं पंचवीस हजार व्होल्ट आले, तर प्रवाह सुमारें सतरावा हिस्सा पुरतो. आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारी हानि प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें घटते. म्हणून तार हलकी चालते व उपकेंद्रें दूर दूर ठेवतां येतात. भारतीय रेल्वेनें पंचवीस हजार व्होल्टची ए. सी. पद्धति १९५७ मध्यें स्वीकारली. पण ठाणें-कल्याण मार्गावर हजारों गाड्यांचा राबता. तो न थांबवितां तारा, उपकेंद्रें, सिग्नल व डबे बदलणें हें मोठें जिकिरीचें काम होतें. मुख्य मार्गावर तें २०१५ मध्यें पुरें झालें, आणि जेथें १९२५ मध्यें आरंभ झाला होता, त्या बंदराच्या बाजूच्या मार्गावर २०१६ मध्यें. नव्या गाड्यांत विजेचा प्रवाह बोटाएवढ्या अर्धवाहकांच्या खटक्यांनीं क्षणांत हजारों वेळां तोडला-जोडला जातो. येथें विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक्स हीं दोन शास्त्रें एक होतात, आणि म्हणूनच उच्च पदवीच्या वर्गांत तीं आतां शेजारीं शेजारीं बसतात.

पॉवर हाऊस मात्र गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत बंद पडलें. विद्या जवळ आली खरी, तरी तिची किंमत अजून उरली आहे. पदवी हातीं पडतांच नोकरी समोर उभी असते, घरांत धाकट्यांचीं शिक्षणें असतात, घराच्या कर्जाचे हप्ते असतात. अशा वेळीं आणखी दोन वर्षें ग्रंथ, प्रयोगशाळा आणि प्रबंध यांस देणें हा त्यागच होय, आणि तो एकट्या विद्यार्थ्याचा नसून साऱ्या घराचा असतो. कांहीं जण आजही त्यासाठीं समुद्र ओलांडतात. फरक इतकाच कीं, आनंदीबाईंना दुसरा मार्ग नव्हता, यांना आहे. ठाकुर्लीवरून जाणाऱ्या गाडींत खिडकीशीं बसून वहींत आकृति काढणारा एखादा मुलगा किंवा मुलगी दिसली, तर शंभर वर्षांपूर्वीं त्या तारेबरोबर न आलेली वस्तु आतां गाडींत बसून चालली आहे, असें खुशाल समजावें.