भरतीच्या वेढ्यातील मठ : मों सां मिशेल

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर, नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांच्या सीमेवरील उथळ उपसागरात, सुमारे ८० मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा खडक उभा आहे. मोठ्या उधाणाला तेथील भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चौदा मीटरच्या आसपास अंतर पडते. सकाळी चालून ओलांडलेली वाळू दुपारी पाण्याखाली गेलेली असते. इ.स. ७०८ मध्ये आव्रांशचे बिशप ओबेर यांनी देवदूत मायकेलच्या नावाने येथे प्रार्थनास्थळ उभारले, असे परंपरा सांगते. ९६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याने बेनेडिक्टाइन साधूंना येथे आणून वसविले आणि मठ आकारास येऊ लागला.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात साधूंनी शिखरावर मोठे चर्च बांधावयास घेतले. माथा निमुळता होता, आणि चर्च तर सुमारे ८० मीटर लांबीचे हवे होते! माथा छाटून सपाट करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. उतारावर सभोवार भक्कम तळघरे रचून त्यांच्या कमानदार छतांवर त्यांनी वरचे चर्च तोलले. पश्चिमेला तर आधीचे लहान चर्चच वरच्या इमारतीचा पाया झाले. जमिनीवर टेकलेला भाग थोडा, उरलेला सारा भार माणसाने रचलेल्या दगडावर, अशी ही रचना आहे.

अशा धाडसाची किंमतही मोजावी लागली. ११०३ मध्ये उत्तरेकडील भिंत कोसळली. १४२१ मध्ये वेदीकडचा पूर्व भाग ढासळला, आणि तोही इंग्रजांशी दीर्घ युद्ध चालू असताना. बेट शत्रूच्या हाती कधीच पडले नाही. परंतु पुनर्बांधणीस १४४६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळी बांधणाऱ्यांनी आधी खाली अवाढव्य खांबांचे तळघर उभारले आणि मगच वरच्या नाजूक गॉथिक कमानींना हात घातला. हे काम १५२१ पर्यंत चालले.

१२०४ च्या आगीनंतर फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्या देणगीतून उत्तरेच्या उभ्या कड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली. तिला ‘मर्व्हेय’, म्हणजे ‘नवलाई’, म्हणतात. तळाशी भिक्षागृह व कोठार, मध्ये पाहुण्यांचे दालन व मोठे खांबांचे दालन, वर साधूंचे भोजनगृह आणि ओवऱ्यांनी वेढलेला चौक, अशी तिची मांडणी आहे. वर जावे तसा दगडाचा भार हलका होत जातो. भोजनगृहाच्या दारात उभे राहिले तर खिडक्या दिसत नाहीत, तरी दालन उजेडाने भरलेले असते. अरुंद, उंच खिडक्या भिंतींच्या जाडीत खोलवर दडविलेल्या आहेत. या वास्तूतील सर्वांत बुद्धिमान योजना हीच म्हणावी लागेल.

राज्यक्रांतीनंतर साधू गेले आणि मठाचे कारागृह झाले. सामान वर ओढण्यासाठी भले मोठे चाक बसविण्यात आले. कैद्यांनी आत चालून ते फिरवावयाचे. ही विटंबना खरीच. परंतु याच काळात क्लूनीचा महामठ विकला गेला आणि त्याचे दगड इतरांच्या बांधकामांत गेले. मों सां मिशेलच्या भिंती मात्र सरकारच्या कामाच्या होत्या, म्हणून त्या उभ्या राहिल्या. कारागृह १८६३ मध्ये बंद झाले. १८७४ मध्ये वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तिची नोंद झाली.

मठाच्या लिखित ठेव्याची मात्र ताटातूट झाली. दानपत्रे व दप्तर सां-लो येथील अभिलेखागारात गेले आणि जून १९४४ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाले. मध्ययुगात साधूंनी हाताने लिहिलेले ग्रंथ क्रांतीच्या काळातच आव्रांशला हलविले गेले होते. त्यांपैकी दोनशेच्या आसपास ग्रंथ आजही तेथे सुरक्षित आहेत. त्या गावाच्या उंचवट्यावरून उपसागरापलीकडचा तो खडक स्वच्छ दिसतो.