मैदानातून छपराखाली : अमेरिकन अरीना फुटबॉल आणि पुण्यातील खो-खो लीग यांच्या नियमांचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

क्रीडेतिहासाचे लेखन बहुधा खेळाडू, विक्रम आणि विजेते यांच्याभोवती फिरते. नियमांची पुस्तिका मात्र पंचांच्या कामाची वस्तू समजून बाजूला ठेवली जाते. वास्तविक नियम हा त्या त्या काळातील समाजव्यवस्थेचा दस्तऐवज असतो. खेळ कोणासाठी आहे, तो कोठे खेळावयाचा, त्याचा खर्च कोण करणार आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे नियमांत दडलेली असतात. मोकळ्या मैदानावरील खेळ बंदिस्त सभागृहात नेला जातो तेव्हा ही उत्तरे विशेष स्पष्टपणे पुढे येतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अरीना फुटबॉल आणि २०२२ मध्ये पुण्यात खेळली गेलेली अल्टिमेट खो-खो लीग यांची या दृष्टीने तुलना केली आहे.

पुणे शहराची निवड सहेतुक आहे. बॅडमिंटनच्या इतिहासात 'पूना' हे नाव येते ते येथील लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांमुळे. १८७० च्या दशकात त्यांनी या खेळाचे नियम बांधले. पुढे १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली. हलके फूल वाऱ्याने उडते, म्हणून हा खेळ कालांतराने छपराखाली गेला. म्हणजे खेळाला नियम देणे आणि खेळाने छपराखाली जाणे, या दोन्ही घटना पुण्याच्या क्रीडापरंपरेला नव्या नाहीत.

अमेरिकन फुटबॉल छपराखाली : पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा लंबगोलाकार चेंडू हातात घेऊन पुढे नेण्याचा, फेकण्याचा आणि झेलण्याचा खेळ आहे. त्याचे मैदान शंभर यार्ड लांब असून प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. हा खेळ छपराखाली आणण्याचा एक गाजलेला प्रसंग नाइलाजाने घडला. डिसेंबर १९३२ मध्ये शिकागो येथे कडाक्याची थंडी आणि बर्फ यांमुळे राष्ट्रीय लीगचा निर्णायक सामना शिकागो स्टेडियम या बंदिस्त सभागृहात घ्यावा लागला. जागा अपुरी असल्यामुळे मैदान लहान करावे लागले आणि त्या दिवसापुरते काही नियम बदलावे लागले. भिंत जवळ असल्याने चेंडू कडेपासून आत आणून खेळ सुरू करण्याची सोय त्यात होती. तिचा प्रभाव पुढील वर्षीच्या अधिकृत नियमांवरही पडला. तात्पुरती अडचण कायमचा नियम कशी घडवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

जिम फॉस्टर यांचा प्रयत्न मात्र नाइलाजाचा नव्हता. तो हेतुपूर्वक होता. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छपराखालील सॉकरचा सामना पाहत असताना त्यांनी एका पाकिटावर नव्या खेळाचा आराखडा रेखाटला. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे प्रायोगिक सामना झाला आणि १९८७ मध्ये चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली.

अरीना फुटबॉलचे नियम आणि त्यांची मालकी

या लीगचे नियम सभागृहाच्या मापाने बेतलेले होते. बर्फावरील हॉकीच्या रिंगणात मावेल असे पन्नास यार्ड लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद मैदान ठरले. खेळाडू अकराऐवजी आठ झाले. मैदानाभोवती गादी लावलेल्या भिंती आल्या. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंस ताणलेली जाळी बसवण्यात आली आणि तिच्यावर आदळून परतलेला चेंडू खेळात ग्राह्य ठरला. चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करण्याची मूळ खेळातील मुभा काढून टाकण्यात आली. बहुतेक खेळाडूंनी आक्रमण आणि बचाव दोन्ही करावेत, असा दंडक प्रारंभी होता. २००७ मध्ये तो सैल झाला. या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे गुणांची रेलचेल आणि क्षणाचीही उसंत नसलेला खेळ.

इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाची बाब अशी की, या खेळाला १९९० मध्ये पेटंट मिळाले. जाळीवरून परतणाऱ्या चेंडूचा नियम ही त्यामुळे खासगी मालमत्ता झाली. पुढे इतर छपराखालील लीग निघाल्या तेव्हा त्यांना जाळीवाचून खेळ रचावा लागला. २००७ मध्ये पेटंटची मुदत संपली. २००९ चा हंगाम रद्द झाला, लीग दिवाळखोरीत गेली, २०१० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि २०१९ मध्ये बंद पडली. २०२४ मध्ये तेच नाव घेऊन झालेला नवा प्रयत्नही त्याच वर्षी कोलमडला. ज्या खेळाच्या नियमांमागे शाळा, तालीम किंवा क्रीडामंडळ उभे नव्हते, त्याचे आयुष्य मालकांच्या ताळेबंदाशी बांधले गेले.

खो-खो : नियमबद्धतेची सार्वजनिक परंपरा

याच्या नेमकी उलट वाट खो-खोची आहे. हा खेळ महाराष्ट्रात पूर्वापार खेळला जात असला तरी त्याच्या लेखी नियमांचा इतिहास पुण्यातील डेक्कन जिमखान्यापासून सुरू होतो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९१४ मध्ये खो-खोच्या नियमांचा पहिला आराखडा तयार केला. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले. त्यानंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये आपली नियमपुस्तिका काढली. मैदानाची मापे, दोन टोकांचे खांब आणि डावाची वेळ या गोष्टी अशा टप्प्याटप्प्याने स्थिर होत गेल्या. पुढे भारतीय खो-खो महासंघ स्थापन झाला आणि १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

या प्रक्रियेचे वैशिष्ट्य असे की, नियम कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. जिमखाने, व्यायाममंडळे आणि शाळांचे शिक्षक यांच्या चर्चेतून ते घडले आणि पुस्तिकेच्या रूपाने सर्वांना खुले राहिले. साधनांचा खर्च दोन खांबांपुरता आणि मैदान मातीचे, त्यामुळे ग्रामीण शाळेलाही तो खेळ परवडला.

मूळ नियमांचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मध्यरेषेवरील चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. संरक्षक मात्र बसलेल्या खेळाडूंमधून कोठूनही जाऊ शकतो. एकाच्या वेगाला दिशेचे बंधन आणि दुसऱ्याच्या हालचालीला मोकळीक, या तोलावर खेळाचे सौंदर्य उभे आहे. गडी बाद केल्यास एक गुण मिळतो.

बालेवाडी, २०२२ : लीगचे नियम

अमित बर्मन यांनी भारतीय खो-खो महासंघाच्या सहकार्याने उभारलेल्या अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्यातील बालेवाडी येथे, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात पार पडला. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले होते. लीगमध्ये सहा संघ होते. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६–४५ असा अवघ्या एका गुणाने पराभव केला.

लीगने माती सोडून मॅट स्वीकारली. नऊऐवजी सात खेळाडू आले. म्हणजे सहा बसलेले आणि सातवा पाठलाग करणारा. सात मिनिटांच्या चार पाळ्यांत सामना संपू लागला. गडी बाद केल्यास दोन गुण आणि आकाशीय सूर मारून किंवा खांबावरून सूर मारून बाद केल्यास तीन गुण ठरले. 'वजीर' या नव्या भूमिकेतील खेळाडूला कोणत्याही दिशेने पाठलाग करण्याची मुभा मिळाली आणि पॉवरप्लेमध्ये एकाच वेळी दोन वजीर वापरता येऊ लागले. संरक्षकांची तुकडी अडीच मिनिटे टिकल्यास तिला दोन गुण आणि पुढील प्रत्येक तीस सेकंदांस आणखी दोन गुण अशी तरतूद झाली.

हे बदल केवळ दूरचित्रवाणीसाठी केलेली सजावट मानणे योग्य ठरणार नाही. बसलेले खेळाडू कमी झाले की 'खो' देण्याच्या जागाही कमी होतात आणि पाठलाग दुबळा पडण्याचा संभव असतो. वजीर ती उणीव भरून काढतो. मात्र त्याच वेळी दिशाबंधनाचा जो नियम खेळाचा कणा होता, त्यालाच तो अपवाद ठरतो. दुसरीकडे, संरक्षकाला मिळणारा गुण ही मोलाची भर आहे. जुन्या पद्धतीत उत्तम बचाव करणाऱ्याचे कौशल्य प्रतिपक्षाला गुण नाकारण्यापुरतेच फलकावर उमटत असे. नव्या पद्धतीत ते प्रत्यक्ष गुणसंख्येत दिसते.

तुलनेतून पुढे येणारे प्रश्न

दोन्ही लीगमधील साम्य उघड आहे : आटोपशीर जागा, कमी खेळाडू, जलद गती, अधिक गुण. भेद आहे तो नियमांच्या पाठीशी असलेल्या परंपरेत. अरीना फुटबॉलचे नियम लीगबरोबर जन्मले आणि पेटंटने जखडले गेले. खो-खो लीगचे नियम एका शतकाच्या सार्वजनिक नियमावलीवर रचलेला नवा थर आहेत. लीगचा दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटक येथे झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडागृहात पहिला विश्वचषक झाला, तोही मॅटवर, सात खेळाडूंच्या आणि वजीर असलेल्या स्वरूपात. लीगचा प्रयोग अशा रीतीने आंतरराष्ट्रीय मापदंड होऊ लागला, हे लक्षात घेतले पाहिजे.

स्थानिकतेचा प्रश्नही विचारार्ह आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. परंतु २०१२ च्या पहिल्या हंगामाचे सामने कोलंबो येथे खेळले गेले. येथे नाव पुण्याचे, मैदान परक्याचे. खो-खो लीगच्या पहिल्या हंगामात मैदान पुण्याचे होते, पण सहा संघांत पुण्याचा संघ नव्हता. महाराष्ट्रातून केवळ मुंबई खिलाडीज हा संघ होता. शहराचे नाव आणि शहराची क्रीडासंस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विरोधातून स्पष्ट होते.

सर्वांत गंभीर प्रश्न महिला खेळाडूंचा आहे. लीगचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे होते. विश्वचषकात मात्र पुण्याच्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. पुरुष संघाचे नेतृत्व प्रतीक वाईकर यांनी केले आणि तो संघही नेपाळविरुद्ध ५४–३६ असा विजयी झाला. महिलांचा खेळ शाळा, मंडळे आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्या आधारावर उभा राहिला होता. लीगच्या आधारावर नव्हे. सार्वजनिक नियमव्यवस्था जे जतन करते ते बाजारपेठ सुरुवातीस वगळू शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

निष्कर्ष

१. बंदिस्त जागा खेळाचे नियम अपरिहार्यपणे बदलते. मात्र कोणता नियम बदलावा हे जागेइतकेच मालकीही ठरवते.

२. पेटंटबद्ध नियम लीगचे संरक्षण करतात, परंतु खेळाचे आयुष्य वाढवतीलच असे नाही. सार्वजनिक नियमावली मंद गतीने बदलते, पण लीग थांबली तरी खेळ थांबत नाही.

३. मॅट आणि माती यांतील अंतर हा आता आर्थिक प्रश्न झाला आहे. मातीवर तयार होणाऱ्या ग्रामीण खेळाडूला मॅटवरील सराव मिळाला नाही, तर ज्या शाळांनी हा खेळ जगवला त्याच मागे पडतील. विद्यापीठे आणि महाविद्यालयांनी सामायिक मॅटची व्यवस्था करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

४. जुन्या नियमपुस्तिका, गुणपत्रके आणि मंडळांची इतिवृत्ते ही क्रीडेतिहासाची प्राथमिक साधने आहेत. महाविद्यालयांचे इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभाग यांनी ती एकत्रितपणे जतन केली, तर कोणता नियम कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलला याचा निर्णय पुढील अभ्यासकांना पुराव्यानिशी करता येईल.