तुमच्या स्कॅनची तारीख आणि ट्रॉम्बेची भट्टी

थायरॉइड जास्त काम करतो म्हणून, किंवा थायरॉइडच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर, तुम्हाला ‘रेडिओआयोडीन’ घ्यायला सांगितलं असेल, किंवा घरात कुणाचा ‘बोन स्कॅन’ करायचा असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. एक्स-रे, सोनोग्राफी आज नाही तर उद्या होते. इथे मात्र तारीख आणि वेळ तिकडचेच ठरवतात. ‘सोयाबीन काढणीला आलंय, चार दिवस पुढं ढकला ना’ म्हटलं, तर फोनवरचा माणूस जरा वैतागतो. कधी उलटंही होतं. दुसरबीडहून पहाटेची गाडी धरून तुम्ही छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला पोचता आणि ऐकायला मिळतं, ‘आज माल आला नाही.’ औषधाला माल म्हणतात हे ऐकूनच बरेच जण हबकतात.

हा माल इतर औषधांसारखा वर्षभर दुकानाच्या फळीवर राहत नाही. यातला बराचसा अणुभट्टीत तयार होतो, आणि तयार झाल्या क्षणापासून तो संपायला लागतो.

आयोडीन-131 चं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे. आज जेवढं आहे त्याचं आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव. तीन दिवस उशीर झाला तर जवळजवळ चौथा हिस्सा हवेत न उडता, बाटलीतल्या बाटलीत, संपलेला असतो. हाडांच्या स्कॅनला लागणारं टेक्निशियम-99एम तर फक्त सहा तासांचं. चोवीस तासांनी त्याचा सोळावा भाग उरतो. म्हणून हॉस्पिटलात टेक्निशियम पाठवत नाहीत, त्याची ‘आई’ पाठवतात, म्हणजे मॉलिब्डेनम-99. त्याचं अर्धायुष्य 66 तासांचं. शिशाच्या डब्यात ते येतं आणि रोज सकाळी त्यातून ताजं टेक्निशियम काढून घेतात. या डब्याला तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि त्या कामाला ‘दूध काढणं’. आठवडाभरात गाय आटते, मग नवी मागवायची. ती जिथून येते तिथली भट्टी बंद असेल, तर तुमची तारीख पुढे जाते.

आपल्या देशातली पहिली भट्टी सुरू झाली 4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी पावणेचारला, मुंबईत ट्रॉम्बेला. तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मुंबई राज्यात यायला अजून तीन महिने बाकी होते. डॉ. होमी भाभांच्या लोकांनी थोड्याच काळात ती उभी केली. इंधन इंग्लंडहून आलं, बाकी आराखडा आणि बांधणी इथली. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटाने बनवली. पंडित नेहरूंनी नाव दिलं ‘अप्सरा’.

अप्सरा म्हणजे मोठा लोखंडी राक्षस डोळ्यांसमोर आणू नका. सुमारे आठ मीटर खोल पाण्याचा हौद, आपल्याकडच्या शेतातल्या अर्ध्या विहिरीएवढा. पाण्यात वरून टांगलेलं इंधन. चालू असताना पाण्यात निळा उजेड दिसतो. ते पाणी एकाच वेळी उष्णता वाहून नेतं आणि किरणं अडवतं, त्यामुळे माणसं काठावर उभी राहून आत पाहू शकतात. हे चालवणं म्हणजे बरीचशी पाण्याचीच चाकरी. क्षार गेले तर इंधनावरचं ॲल्युमिनियमचं आवरण गंजतं, म्हणून पाणी सतत गाळून निर्मळ ठेवायचं. न्यूट्रॉन गिळणाऱ्या नियंत्रण सळ्या ठरलेल्या वेळात खाली पडतात की नाही हे तपासत राहायचं, कारण गडबड झाली तर त्या पडूनच भट्टी थांबते. पंप, डिझेल जनरेटर, पाळीवरची परवानाधारक माणसं, सगळं चोवीस तास.

आणि थांबली म्हणजे लगेच गार होते असंही नाही. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात, तसं बंद केल्याक्षणी भट्टीत पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरतेच. मोठ्या भट्टीत ही काही थोडकी नव्हे. त्यामुळे लाईट गेली तरी पाणी फिरत राहिलं पाहिजे. शेतातली मोटार बंद पडली की पिकाला पाणी मिळत नाही, इथे इंधनच वितळू शकतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे कॅनडात तोच येणार आहे.

अप्सरेत देशातली पहिली किरणोत्सारी समस्थानिकं तयार होऊ लागली. पण ती लहान भट्टी. 10 जुलै 1960 रोजी ‘सायरस’ सुरू झाली, 40 मेगावॉटची. तंत्र कॅनडाचं, तिथल्या चॉक रिव्हरच्या भट्टीवर बेतलेलं, जड पाणी अमेरिकेचं. 1963 मध्ये मुंबईला परळमध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं आणि ट्रॉम्बेचा माल रुग्णांपर्यंत पोचण्याची वाट रुळली. याच सायरसमधलं प्लुटोनियम 1974 च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं, आणि कॅनडाने अणुसहकार्य तोडलं. ‘अणूचं औषध म्हणजे बॉम्बातलंच ना?’ असं विचारणारे रुग्ण म्हणूनच मला अडाणी वाटत नाहीत. एकाच भट्टीतून दोन्ही निघालं, हे खरं आहे. पण तुमच्या कपातलं आयोडीन फुटत नाही. थायरॉइड आयोडीन शोषतो म्हणून ते तिथे जाऊन बसतं आणि एक-दोन मिलिमीटरच्या टप्प्यातल्या पेशी मारतं.

तिसरी मोठी भट्टी ‘ध्रुव’, 100 मेगावॉटची, 8 ऑगस्ट 1985 ला सुरू झाली. सुरुवातीलाच अडचण आली. वाहत्या पाण्याच्या जोराने इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या, घासल्या जाऊ लागल्या. घाई करून शक्ती वाढवता आली असती का? त्यांनी वाढवली नाही. इंधनाच्या रचनेत बदल केले, आणि पूर्ण शक्तीवर भट्टी गेली ती जानेवारी 1988 मध्ये. अडीच वर्षं! सायरसही 1997 मध्ये जुनाट भाग दुरुस्त करायला बंद केली, ती परत सुरू झाली 2002 मध्ये. तोवर समस्थानिकांचा भार ध्रुववर होता. सायरस कायमची बंद झाली 31 डिसेंबर 2010 रोजी, अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचा भाग म्हणून.

आता कॅनडा. चॉक रिव्हरला 1957 पासून चालत आलेली एनआरयू नावाची भट्टी जगातल्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा पुरवायची. नोव्हेंबर 2007 मध्ये ती नेहमीच्या देखभालीसाठी थांबली, तेव्हा उघड झालं की दोन पंप भूकंपातही टिकणाऱ्या आपत्कालीन वीजपुरवठ्याला जोडलेलेच नाहीत. नियामक म्हणाले, आधी जोडा. इकडे हॉस्पिटलांत स्कॅन रद्द होऊ लागले, कॅन्सरचे रुग्ण ताटकळले, आरडाओरड झाली. डिसेंबरमध्ये कॅनडाच्या संसदेने खास कायदा करून नियामकाला बाजूला सारलं आणि भट्टी सुरू केली. जानेवारी 2008 मध्ये नियामक आयोगाच्या अध्यक्ष लिंडा कीन यांना त्या पदावरून काढलं.

मी दवाखान्यात बसणारा माणूस. रिपोर्टसाठी थांबलेल्या बाईची रात्र कशी जाते ते मला ठाऊक आहे, आणि संसदेला रुग्णांची काळजी होती यावरही माझा विश्वास आहे. तरीही माझ्या मते कीनबाई बरोबर होत्या. रुग्णाची गरज पुढे करून तपासणाऱ्याला गप्प करणं, हे औषध फार महाग पडतं. मे 2009 मध्ये त्याच भट्टीची टाकी गंजून जड पाणी गळू लागलं. तो दोष वेगळा, त्याचा पंपांशी संबंध नाही. पण भट्टी तब्बल पंधरा महिने बंद राहिली, जगभर टेक्निशियमचा दुष्काळ पडला, आणि म्हाताऱ्या भट्टीवर इतक्यांचा जीव टांगून ठेवणं किती धोक्याचं ते सगळ्यांना कळलं. आपल्याकडे 2000 सालापासून भाभा केंद्राच्या भट्ट्यांवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची नसून केंद्राच्याच सुरक्षा परिषदेची आहे. तिथली माणसं कसलेली आहेत, ध्रुवच्या वेळी त्यांनी धीर दाखवला. पण आपला पेपर घरच्यानेच तपासावा, हे मला पटत नाही.

अमेरिकेत ही कामं काही विद्यापीठंसुद्धा करतात. मिझुरी विद्यापीठाची 10 मेगावॉटची भट्टी 1966 पासून चालू आहे आणि तिथून आयोडीन-131 रुग्णांसाठी जातं. ती आठवड्यात साडेसहा दिवस चालते, उरलेला अर्धा दिवस देखभालीचा. तो अर्धा दिवस चुकवत नाहीत म्हणूनच उरलेले साडेसहा मिळतात. महाराष्ट्रातल्या कुठल्या विद्यापीठाकडे अशी भट्टी नाही, आपले प्राध्यापक आणि विद्यार्थी संशोधनासाठी ध्रुववर जातात. जुनी अप्सरा 2009 मध्ये थांबली, तिच्या जागी 10 सप्टेंबर 2018 रोजी 2 मेगावॉटची नवी ‘अप्सरा-यू’ सुरू झाली.

तर ‘माल आला नाही’ असं पुन्हा ऐकलं, तर तुमच्यावर कुणी सूड उगवत नाहीये. कुठेतरी भट्टी देखभालीला थांबली असेल, किंवा विमान चुकलं असेल. थायरॉइडच्या बाबतीत थोडा उशीर बहुतेकांना चालतो, पण कुणाला चालणार नाही हे तुमचे डॉक्टर सांगतील. या काळात थायरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. त्या डोसआधी किती दिवस थांबवायच्या हे केंद्र लिहून देतं, आणि तारीख पुढे गेली की ते दिवसही नव्याने विचारायचे. मध्येच आयोडीनचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर न विसरता सांगा, नाहीतर थायरॉइड औषधाचं आयोडीन घेणारच नाही. गरोदर असाल, तशी शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हा डोस घ्यायचा नाही, ते आधी बोला. डोसनंतर काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. किती दिवस ते तुमच्या डोसवर ठरतं, आणि बायकांनी निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी केंद्रावर फोन करून एवढंच विचारा, ‘उद्याचा माल आलाय का?’ आता हा शब्द तुम्हाला खटकणार नाही.